चिकटवलेलं पान

मी एक जुनं सेवापुस्तक आहे, मित्रांनो. तुम्ही गोष्टींचं पुस्तक पाहिलं असेल, चित्रांचं पाहिलं असेल, गणिताचं तर नको नको म्हणत असतानाही पाहिलं असेल. माझ्यासारखं पुस्तक मात्र तुम्ही पाहिलेलं नसणार. मी दुकानात मिळत नाही. माझी एकच प्रत असते आणि माझ्यात एकाच माणसाची हकीकत असते. सरकारी नोकरीला लागलेल्या प्रत्येकाचं असं एक पुस्तक ठेवतात. तो कधी लागला, कुठे बदलून गेला, रजा किती घेतल्या, पगार कधी वाढला, कुणी शाबासकी दिली आणि कुणी कान उपटले, हे सगळं त्यात लिहायचं. आणि एकदा माझ्यात लिहिलं गेलं की ते खरं. निदान मी तरी एकतीस वर्षं असंच समजत होतो.

त्यातली अकरा वर्षं माझ्याच पोटात एक चूक होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. हे कळलं तेव्हा मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. आता तुम्हाला सांगून थोडा ओसरतो का पाहतो.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. जाड, पिवळसर कागदावर निळ्या रेघांचे रकाने छापले. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर 'शेरा' असा शब्द होता. मग मला कापलं, दाभणाने टोचलं, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं आणि पाठीला कापड लावलं. टोचताना दुखलं, पण शिवून झाल्यावर मी असा काही ताठ उभा राहिलो की बोलायची सोय नाही. शेजारच्या रजेच्या अर्जांचे गठ्ठे मला तेव्हापासून तुच्छ वाटायला लागले. लहानपणी आलेला ताठा लवकर जात नाही, मित्रांनो.

माझ्या पहिल्या पानावर एका काटकुळ्या तरुणाचा फोटो लावला गेला. खाली त्याच्या डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे उमटवले आणि ओळखीची खूण म्हणून लिहिलं, 'उजव्या भुवईवर तीळ'. त्याची नोकरी नदीवरची. पुलाच्या खांबावर एक उंच पट्टी रंगवलेली असते, तिच्यावर मापाचे आकडे असतात. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाचायचं, वहीत लिहायचं आणि फोनवरून कळवायचं, एवढंच काम. म्हणून सगळे त्यांना पट्टीवाले म्हणायला लागले. मीही तेच म्हणतो.

काम एवढंसं, पण त्यात पट्टीवाल्यांची एक पद्धत होती. वहीत आकडा चुकला तर ते तो पुसत नसत, गिरबटतही नसत. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. चुकलेला आकडासुद्धा नंतर वाचता आला पाहिजे, असं ते नव्या माणसांना शिकवत. चुकलं ते दिसू द्यावं, म्हणजे कसं चुकलं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

नोकरीच्या नवव्या वर्षी नदीला मोठा पूर आला. दोन दिवस पट्टीवाल्यांनी दर अर्ध्या तासाला आकडा कळवला. काठावरचं फोनचं खोपटं बुडालं तेव्हा ते पुलापलीकडच्या चौकीत जाऊन फोन करत राहिले. त्यांच्या आकड्यांच्या भरवशावर खालच्या वस्त्या वेळेत रिकाम्या झाल्या आणि एकही माणूस दगावला नाही. पाणी ओसरल्यावर माझ्यात चार ओळींची शाबासकी लिहिली गेली. तिची शेवटची ओळ अशी होती, 'एकही आकडा चुकला नाही.' कपाटातल्या बाकीच्या सेवापुस्तकांना मी ती ओळ किती वेळा ऐकवली असेन याचा हिशेब नाही. ती कंटाळली, पण मी कंटाळलो नाही.

मग विसाव्या वर्षी पट्टीवाल्यांची बदली झाली. नदी तीच, पण बसने पाच तास खाली, दुसऱ्या पुलावर. ते गेले आणि मी मागे राहिलो. नियम असा की जाणाऱ्या माणसाकडे कार्यालयाची काही वस्तू राहिलेली नाही असा दाखला झाला, की मग सेवापुस्तक टपालाने पाठवायचं. दाखला एका छत्रीपाशी अडला.

छत्री सरकारी होती, काळ्या कापडाची, लाकडी मुठीची. नदीवर उभं राहायचं म्हणून त्यांना मिळालेली. ती त्यांनी जायच्या आदल्या दिवशी भांडारात जमा केली होती. भांडारपालाने पावती फाडली आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस या दोन पानांच्या मधे, पार शिवणीत खुपसून. दुसऱ्या आठवड्यात तो भांडारपाल निवृत्त झाला. नव्या भांडारपालाने फाइल चाळली, पावती दिसली नाही. छत्री आल्याशिवाय पुस्तक हलणार नाही, असा त्याने शेरा मारला. ज्या कागदासाठी मला अडवलं होतं तो कागद माझ्याच पोटात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला ओरडावंसं वाटे, पण पुस्तकाला तोंड नसतं, नुसती पानं असतात.

पट्टीवाल्यांनी तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटी चौदा महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या खिशातून एक नवी छत्री विकत घेतली, रजा काढली, पाच तासांचा प्रवास करून ती जुन्या भांडारात जमा केली आणि दुसरी पावती घेतली. तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथेच आहे. या चौदा महिन्यांत पट्टीवाल्यांची एक वार्षिक पगारवाढ आली होती. नव्या कार्यालयाकडे मी नव्हतो, म्हणून त्यांनी एक सुटा कागद केला आणि वाढीची नोंद त्यावर केली. जुन्या कार्यालयाकडे मी होतो, म्हणून त्यांनीही तीच वाढ माझ्या पंचेचाळिसाव्या पानावर नोंदवली. पण आळसाने सहा-सात महिन्यांनी नोंदवली आणि तारीख घातली ती लिहिल्या दिवसाची. मी नव्या कार्यालयात पोचल्यावर तिथल्या थोरल्या कारकुनांनी तो सुटा कागद माझ्या पंचेचाळिसाव्या पानावर, जुन्या नोंदीच्या खाली, वरच्या कडेने चिकटवला. खालून तो पडद्यासारखा मोकळाच होता. मग त्यांनी मोजलं. पानावर एक वाढ, कागदावर एक वाढ, तारखा वेगळ्या. म्हणजे दोन. तेव्हापासून पट्टीवाल्यांच्या पगारात एक पायरी जास्त चढली.

पहिला वाढीव पगार हातात आला त्याच आठवड्यात पट्टीवाले कार्यालयात हजर झाले. चपलांना नदीचा गाळ तसाच होता. दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "साहेब, एक वाढ जास्त तर नाही ना लागली? माझ्या हिशेबाने एकच हवी."

थोरले कारकून पोटाच्या दुखण्याने बेजार असत, तोंडात कायम लवंग. पण माणूस नेक. त्यांनी मला काढलं, कागद उचलून खाली पाहिलं, बोटांवर मोजलं. "दोन तारखा, दोन वाढी. बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि सरकार कधी कुणाला जास्त देतं का? जा निवांत." पट्टीवाले गेले. कारकुनांना सवय होती, तोंडी कुणी काही विचारलं की शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने टिपून ठेवायचं. तसं त्यांनी त्या कागदाखाली, माझ्या अंगावर, बारीक अक्षरात लिहिलं आणि आद्याक्षरं टाकली. मला पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या. तो शेरा एक दिवस कुणाला तारणार आहे असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

वर्षभराने वरिष्ठांची तपासणी लागली. त्या कार्यालयात एक रीत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या पुस्तकांतले लोंबते कागद चिकटवून सपाट करायचे, कारण वरिष्ठांना लोंबतं काही आवडत नाही. खाली काय आहे हे बघायला कुणालाही सवड नसे. बांधणीवाले भाऊ पिठाची खळ घेऊन बसले आणि एका दुपारी त्यांनी साठ पुस्तकं सपाट केली. माझा पडदाही कडेपर्यंत घट्ट बसला. त्याच्याखाली पेन्सिलीचा शेरा गेला, आणि शिवणीतून सरकत सरकत तिथवर आलेली छत्रीची पहिली पावतीही गेली. तपासणीत मला 'सुस्थितीत' असं म्हटलं. मी खूश.

पुढे थोरले कारकून निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी वारले. पट्टीवाले दरवर्षी यायचे, कारण प्रत्येकाला आपलं सेवापुस्तक वर्षातून एकदा दाखवून त्याची सही घ्यायची असा नियम आहे. पण दाखवायचं म्हणजे काय, तर कारकून शेवटचं पान उघडून बोट ठेवणार आणि माणूस बोटाशेजारी सही करणार. अशा सह्या वाढत गेल्या. मी त्यांना माझे दागिने समजत होतो.

आता त्या दिवसाकडे येतो. पट्टीवाल्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. निवृत्तिवेतन ठरवण्याआधी माझी एक-एक नोंद ताडून बघतात, त्यासाठी मला मुख्य कार्यालयात पाठवलं होतं. तिथल्या तपासनिसांनी पंचेचाळिसाव्या पानावर पट्टी ठेवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि लाल शाईने पानाच्या कडेला लिहिलं, 'एकच वेतनवाढ दोनदा. अकरा वर्षे जादा प्रदान. वसुली करावी.'

मित्रांनो, माझी तर शिवणच उसवल्यासारखी झाली. मी, ज्याच्यात 'एकही आकडा चुकला नाही' असं लिहिलेलं, त्याच्या पोटात दोनदा लिहिलेली एकच वाढ. ज्या पानाला लोक सुस्थितीत म्हणाले त्याच पानावर. कितीतरी दिवस मला पुढचं काही सुचेना. कपाटात परत आल्यावर शेजारच्या पुस्तकांनी शाबासकीची ओळ पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं. मी गप्प बसलो.

पट्टीवाल्यांना बोलावून घेतलं. आता आस्थापनेचं काम एका बाई बघत होत्या. थोरल्या कारकुनांच्या खुर्चीवर त्याच बसायच्या. त्यांनी पत्र वाचून दाखवलं. रक्कम पाच महिन्यांच्या पगाराइतकी. ती भरेपर्यंत निवृत्तीचे सगळे पैसे थांबणार. पट्टीवाले उभे होते ते हळूच बाकावर बसले. बराच वेळ ते माझ्याकडेच बघत राहिले आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"माझं कुठे चुकलं?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या की तुमचं काही चुकलेलं नाही, चूक कार्यालयाची आहे. पण पत्रात असंही म्हटलंय की कर्मचाऱ्याने दरवर्षी पुस्तक पाहून सही केली आहे, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. हे ऐकून मला दुसरा धक्का बसला. ते माझे दागिने होते, आणि त्यांचाच फास करून या माणसाच्या गळ्यात घातला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते एक वेळ समजता येतं. इथे पीठ सांडलं म्हणून दळण घेऊन आलेल्यालाच दंड होत होता.

पट्टीवाले राहायचे ते नदीकाठच्या सरकारी खोल्यांत. निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांत त्या सोडायच्या. म्हणून त्यांनी गावाच्या टोकाला एक तुकडा घेऊन दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. भिंती दाराच्या चौकटीपर्यंत वर आल्या होत्या. छप्पर निवृत्तीच्या पैशांतून घालायचं होतं. हे त्यांनी बाईंना सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. घराचा पत्ता काय लिहू असं बाईंनी विचारलं, म्हणून सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

बाई हुशार होत्या, आणि नियमांच्या जाड पुस्तकाला त्या घाबरत नव्हत्या. दोन दिवसांनी त्यांनी त्यातून एक कलम शोधून काढलं. चूक कार्यालयाची असेल, तिच्यात कर्मचाऱ्याचा हात नसेल आणि वसुलीने त्याचं जगणं कठीण होणार असेल, तर वसुली माफ करता येते. त्यासाठी अर्ज असतो, नऊ प्रश्नांचा. माझ्यातल्या तारखा लागणार होत्या, म्हणून अर्ज भरताना मी टेबलावर उघडाच होतो.

त्या दिवशी पट्टीवाल्यांबरोबर त्यांची बायको आली होती आणि तिचा भाऊ. भाऊ म्हणजे बसचा निवृत्त कंडक्टर, बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. सहा प्रश्नांपर्यंत सगळं सुरळीत झालं. सातवा प्रश्न असा होता, 'आपल्याला जादा रक्कम मिळत आहे अशी शंका आपणास कधी आली होती काय?'

पट्टीवाल्यांचं पेन थांबलं.

"'नाही' लिहा, भाऊजी," कंडक्टर म्हणाला. "दोन अक्षरं आहेत. ज्यांना विचारलं ते आता या जगात नाहीत. कोण सांगायला येणार आहे?"

"मला आली होती शंका," पट्टीवाले म्हणाले.

"आली आणि गेली. आता ती अर्जात घालून काय मिळणार? तुम्ही 'होय' लिहिलंत की ते म्हणतील, बघा, याला माहीत होतं. तुम्हीच तुमच्या पायावर धोंडा मारून घेताय."

खोटं कशाला बोलू मित्रांनो, त्या घडीला मला कंडक्टरचं पटलं. या माणसाचं छप्पर राहू दे, असं मला वाटलं. मी खऱ्याचं पुस्तक, आणि मला मनातून वाटलं की त्यांनी 'नाही' लिहावं. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

बायको नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही मला सांगून निघाला होतात, विचारून येतो म्हणून. मीच म्हटलं होतं, नका जाऊ. हाती येणाऱ्या पैशाचं कुणी विचारायला जातं का म्हणून. तरी तुम्ही गेलात." मग ती म्हणाली, "गेला होतात तर गेलो म्हणून लिहा. छपराचं बघू."

पट्टीवाल्यांनी लिहिलं, 'होय. एकदा आली होती. त्याच आठवड्यात कार्यालयात येऊन विचारले. बरोबर आहे असे सांगण्यात आले.' पुढच्या ओळीत विचारलं होतं, 'पुरावा?' तिथे त्यांनी लिहिलं, 'नाही.' कंडक्टरने कपाळावर हात मारला. आणि मी, मित्रांनो, मी त्या अर्जाच्या खालीच पडलो होतो. पुरावा त्यांच्या कोपरापासून चार बोटांवर होता. पिठाची खळ, तिच्यावर कागद आणि कागदावर त्यांचा हात. मुक्याने स्वप्न पाहिलं तर ते कुणाला सांगायचं?

सुनावणी महिन्याभराने झाली. मुख्य कार्यालयातून एक मोठे साहेब आले होते, मितभाषी, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. तपासनीसही होते. ते वाईट नव्हते हो, नाकासमोर चालणारा माणूस. पण त्यांच्या नाकासमोर फक्त नियम होता. त्यांनी सातवं उत्तर मोठ्याने वाचलं आणि म्हणाले की शंका होती हे अर्जदार स्वतः कबूल करतो, म्हणजे रक्कम जादा आहे हे त्याला कळलं होतं. विचारल्याची कुठे नोंद नाही, मग माफीचा प्रश्न उरत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी पट्टीवाल्यांची गत झाली. विचारलं नसतं तर गाफील ठरले असते, विचारलं तर लबाड ठरत होते. माझं तर डोकंच चालेना. खरं लिहिलं म्हणून माणूस बुडतो, हे माझ्या एकतीस वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी मला पुढे ओढलं, पंचेचाळिसावं पान उघडलं आणि त्या चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. तिथे थोडा उंचवटा होता.

"हे खाली काय आहे?" त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. तपासनीस म्हणाले, अभिलेख फाटेल, हात लावणं बरोबर नाही. साहेब म्हणाले की एकच वाढ दोनदा धरली असं तुमचं म्हणणं याच पानावर उभं आहे आणि यातलं अर्धं पान आपण कुणी पाहिलेलंच नाही. त्यांनी बांधणीवाल्याला बोलवायला सांगितलं.

बांधणीवाले भाऊ आता केसांनी पांढरे झाले होते. त्यांनी मला उजेडाकडे धरलं, अंगठ्याने कडा दाबली, वास घेतला. "माझीच खळ आहे साहेब. माझं ऐकेल," ते म्हणाले. त्यांनी ओला फडका पिळून कागदावर पसरला आणि सगळ्यांना थांबायला लावलं. पाऊण तास. पट्टीवाल्यांची बायको पदराच्या टोकाची घडी घालत होती आणि मोडत होती. मला थंडगार वाटत होतं. शाई पसरली तर? पेन्सील पुसली गेली तर? मग भाऊंनी हाडाची पातळ पट्टी कडेखाली सरकवली आणि कागद वितीएवढा वर आला, मग अख्खा.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पेन्सील फिकी झाली होती, पण होती. त्यांनी ती सावकाश वाचली, 'कर्मचारी स्वतः विचारावयास आला, वाढ जास्त आहे काय म्हणून. पाहिले. बरोबर आहे असे सांगितले.' खाली आद्याक्षरं आणि तारीख.

खोलीतली सगळी माणसं थक्क झाली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. तपासनीस उठून साहेबांच्या मागे आले आणि त्यांनी तो शेरा स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचला. पट्टीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. माझंही पान ओलं होतं, पण ते फडक्याने, असं मी सगळ्यांना सांगतो.

साहेब तपासनिसांना म्हणाले, "हा माणूस विचारायला आला होता. त्याला परत पाठवलं ते आपण. आता त्याच्याकडून वसूल काय करायचं?"

तपासनिसांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या टिपणाखाली लिहिलं, 'हरकत मागे घेतो.' मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आपलंच लिहिणं मागे घेताना माणसाचा हात जड होतो, हे मला माहीत आहे.

साहेबांनी निकाल तिथेच सांगितला. अकरा वर्षांची सगळी वसुली माफ. पुढचं निवृत्तिवेतन मात्र बरोबर पायरीवरून, म्हणजे एक पायरी खालून ठरेल. पट्टीवाले लगेच म्हणाले, ते योग्यच आहे साहेब. मग साहेबांनी विचारलं की ही दुरुस्ती पुस्तकात कशी करायची, खोडून की नवीन पान लावून? बाईंनी पट्टीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी आपली पद्धत सांगितली. तशीच झाली. जादा नोंदीवर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली साहेबांची सही. चूक अजून वाचता येते. मला वाटलं होतं ती रेघ मला टोचेल. ती टोचली नाही.

सगळे उठायला लागले तेव्हा बांधणीवाले भाऊ म्हणाले, "साहेब, हे आणखी एक निघालंय." उंचवट्याचं कारण तेच होतं. घडी घातलेला, खळीने कडक झालेला एक चिटोरा. साहेबांनी तो उलगडला. जुन्या भांडाराची पावती होती. 'एक छत्री, काळी, लाकडी मूठ, सुस्थितीत मिळाली.' त्यांना काही कळेना. मग पट्टीवाल्यांनी संकोचत सगळी हकीकत सांगितली. बाईंनी माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून दुसरी पावती काढून शेजारी ठेवली.

साहेब दोन्ही पावत्यांकडे बघत राहिले. अकरा वर्षं सरकार या माणसाला एक पायरी जास्त देत होतं, ते सापडलं, मोजलं गेलं आणि त्याच्यासाठी लाल शाई झाली. सरकारकडे त्याची एक छत्री जास्त होती, ती कुणालाच सापडली नव्हती. साहेबांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ती लाज होती.

"ही तुमची छत्री आमच्याकडे निघते," ते म्हणाले. "अर्ज करा. मी मंजूर करतो."

पट्टीवाल्यांनी दोन्ही पावत्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. "माझ्याकडून ती माफ."

कुणी हसलं नाही. साहेबांनी खुर्ची मागे सारली, उभे राहिले आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

निवृत्तीच्या दिवशी पट्टीवाले शेवटची सही करायला आले. बाईंनी सवयीने शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. मग त्यांनी बोट उचललं, मला पहिल्या पानापासून उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. फोटो, पाच बोटांचे ठसे, भुवईवरचा तीळ, पुराची शाबासकी, आडवी रेघ. सगळं वाचून सही करायला त्यांना पाऊण तास लागला. बाईंनी मधे चहा मागवला. जाताना त्यांनी सांगितलं की पत्रे आलेत, रविवारी छपरावर चढवणार.

आता मी अभिलेखांच्या खोलीत वरच्या फळीवर आहे. धूळ बसते, झुरळं येतात, काही वर्षांनी कदाचित मला रद्दीतही काढतील. त्याचं मला फार वाटत नाही. तो कागद भाऊंनी पुन्हा चिकटवला नाही, वरच्या कडेला नुसते दोन टाके घातले. वाऱ्याची झुळूक आली की तो उचलला जातो आणि खालची पेन्सील दिसते.

तर मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणी बाईंच्या खुर्चीत बसेल, कुणी साहेबांच्या. तपासणी उद्यावर आलेली असेल, हातात खळीचा डबा असेल आणि सगळं सपाट करायची घाई असेल. तेव्हा माझं एवढं ऐका. पान चिकटवण्याआधी ते एकदा उचला आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे कुणीतरी चिखलाच्या चपलांनी विचारायला आलेलं असतं.